अडलेला शब्द

भोंग्याला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता मतदारयादीपुरतं उरलं होतं. गावात लहानथोर सगळे त्याला भोंगाच म्हणत आणि तोही खुशीने ओ देई. आवाजच तसा होता. बांधावर उभं राहून हाक मारली तर तिसऱ्या शेतातली गाय मान वर करी. कुणाची म्हैस चुकली, कुठे लस टोचायला माणसं येणार, कुणाच्या घरी मयत झालं, सगळ्या बातम्या त्याच्या तोंडून गावोगाव जात. आणि गेली बारा वर्षं, म्हणजे सध्याचा सरकारी पक्ष सत्तेवर यायच्याही आधीपासून, त्या भागात पक्षाची एकही सभा त्याच्या आवाजाशिवाय झाली नव्हती. तीनचाकी गाडी पक्षाची. तिच्या टपावर दोरीने आवळलेले दोन भोंगे मात्र त्याचे स्वतःचे. घरी आला की आधी तो भोंग्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा.

बायको याच्या अगदी उलट. ती बोलताना अडायची. लहानपणापासूनच. बाकी सगळं ठीक, पण शब्दाच्या सुरुवातीला प, ब, भ आलं की ओठ जे मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान पुढे जायची, डोळे घट्ट मिटायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची. समोरच्यालाच गुदमरल्यासारखं होई. लग्न ठरवायला मंडळी आली तेव्हा कुणीतरी तिला नाव विचारलं आणि ती पहिल्याच अक्षरावर अडली. खोलीत सगळे चुळबुळायला लागले, तशी भोंग्याने, नवरदेव असून, तिचं नाव मोठ्याने सांगून टाकलं. सगळे हसले. तीही हसली. तेव्हापासून सव्वीस वर्षं तोच तिच्या वतीने बोलत आला होता. बोलण्याच्या बाबतीत बायकोला काही कमी पडू दिलं नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

ती गावच्या शाळेत दुपारचं जेवण रांधायची. दोन खोल्यांची शाळा, एक मास्तर, चौदा मुलं. मुलं तिला मावशी म्हणत. मुलांशी बोलताना ती कमी अडायची, आणि अडली तरी मुलांना घाई नसायची. ताट पुढे धरून सगळी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची, शब्द आला की घेऊन जायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सरकारचा हुकूम आला. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत घालायचं. मोठी शाळा म्हणजे ओढ्यापलीकडच्या बाजारगावातली. मुलांना न्यायला-आणायला बस येईल, असंही हुकमात होतं. मास्तरांनी शाळेच्या पायरीवर बसून तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिला म्हणाले, "नव्या वर्षापासून आपण दोघंही मोकळे, बाई."

तिने कागदाकडे पाहिलं नाही. शाळेच्या मागे ओढा होता, तिकडे पाहिलं. ओढा तेव्हा कोरडा होता. गोट्यांवरून गाड्यांची चाकोरी पलीकडे गेलेली दिसत होती.

*

निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. बाजारगावच्या व्यापारी मंडळाने टूम काढली, की नुसत्या सभा फार झाल्या, दोन्ही पक्षांना एका मांडवात बसवू. सरकारने पाच वर्षांत काय केलं आणि काय नाही, यावर खुली चर्चा. रविवारी, धान्यबाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सरकारी पक्षाकडून शहरातले एक प्रवक्ते, विरोधकांकडून एक वकील. शेवटी लोकांचे प्रश्न. पुकारायचं काम अर्थातच भोंग्याकडे आलं.

पक्षाच्या कार्यालयातून त्याला छापील कागद मिळाला. तो कधीच आधी वाचून ठेवत नसे. गाडी चालू लागली की एक हात कानावर, एका हातात माईक, कागद मांडीवर, आणि ओळी सरळ डोळ्यांतून घशात. "रस्ते आले, दिवे आले, दवाखान्यात औषध आलं," तो म्हणत चालला, "या, ऐका, विचारा!" गावातून गाडी शाळेपाशी आली. मधली सुट्टी होती. मुलं फाटकाला लोंबकळून हात हलवत होती. बायको पायरीवर सूप घेऊन तांदळातले खडे वेचत बसली होती. "आणि लहान, अपुऱ्या शाळांतून मुलांची सुटका," भोंग्याच्या तोंडून बाहेर पडलं, "प्रत्येक मुलाला मोठी, सुसज्ज शाळा!"

दोन्ही भोंग्यांतून ते शाळेच्या भिंतीवर आदळलं आणि परत आलं. सुपातला तिचा हात थांबला. वर न बघता ती तशीच बसली, मग पुन्हा खडे वेचू लागली. मुलांना काय, भोंगा आपल्या मावशीचा नवरा. मुलं अजून हात हलवत होती.

भोंग्याने मशीनचा खटका बंद केला.

"काय झालं? बॅटरी बसली?" गाडीवाल्याने विचारलं.

"घसा बसला. चल पुढे."

पुढच्या दोन गावांत त्याने ती ओळ गाळली. तिसऱ्या गावात पक्षाचा माणूस बरोबर होता, तिथे म्हणावी लागली.

संध्याकाळी ती रोजच्यासारखी चुलीपाशी होती. शाळेतली मोठी भांडी ती घरीच आणून घासायची, कारण घरामागच्या विहिरीला पाणी बरं होतं. कोपरापर्यंत राख माखलेली.

"ऐकलंस ना?" त्याने विचारलं. "कागदावर होतं ते. माझं नव्हे."

"हं."

"कागदावर असेल ते म्हणावंच लागतं मला."

"हं," ती म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. भात नेहमीइतकाच होता, वर डाळ नेहमीइतकीच. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला जेवताना वाटत राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी तो भाऊंकडे गेला. भाऊ म्हणजे पक्षाचे त्या भागातले प्रमुख. खताच्या दुकानावर माडीवर त्यांचं कार्यालय होतं. आत खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून भोंगा जिन्यातच बसला. लोक त्याच्या खांद्याला पाय लावत वर-खाली करत होते. कुणीतरी, "अरे, आपला भोंगा! पाण्याचा जार तेवढा वर घे रे," म्हणालं, तो त्याने घेतला. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा भाऊ बाहेर आले.

"काय रे, आवाज कसाय? रविवारी खणखणीत पाहिजे."

"भाऊ, ते शाळेचं," भोंगा उठून उभा राहिला. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या जिन्यात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. "आमच्या गावची शाळा उठवताहेत. बायको तिथे कामाला आहे."

"एवढंच ना!" भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, आपल्या माणसाचं मी वाईट होऊ देईन का? वहिनींना मोठ्या शाळेत लावून देतो. भांडी घासायला, झाडायला माणूस लागतंच तिथे. जा, सांग तिला."

"तसं नव्हे. म्हणजे, उपकार झाले. पण ओढा..."

"ओढा काय आज आलाय?" भाऊ चपला घालता घालता हसले. "धोरणाचं तू राहू दे. तुझं काम आवाजाचं."

हे ऐकून भोंगा हसला. हसायचंच असतं अशा वेळी. पण परतीच्या वाटेवर, ओढ्याच्या तापलेल्या गोट्यांतून चालताना, ते वाक्य चपलेत खडा शिरावा तसं त्याला टोचत राहिलं. घर जवळ आलं तसं मात्र त्याने मनाची समजूत घातली, की काम झालं, रिकाम्या हाताने काही आपण आलो नाही.

"तुझं काम पक्कं झालं," त्याने दारातूनच सांगितलं. "मोठ्या शाळेत. भाऊंनी स्वतः शब्द दिला."

ती तांदूळ धूत होती. हात पाण्यात तसेच ठेवून तिने विचारलं, "आणि लेकरं?"

"त्यांना बस आहे की."

"ओढा आला की?"

 पावसाळ्यात तीन महिने तो ओढा गळ्यापर्यंत चढायचा. मोठी माणसं दोर धरून कशीतरी जात, नाहीतर टेकडीला वळसा घालून अर्धा दिवस चालत. गाडीचं तर नावच नको.

तिने ओला हात आपल्या कमरेला लावला. "शाळेतली धाकटी एवढी आहे. नवे दात आत्ता कुठे येताहेत. ती कशी जाणार?" मग जरा थांबून म्हणाली, "मी रविवारी येणार. उठून विचारणार."

"तू?"

"हं."

"अगं, दोन हजार माणूस असेल. तू लिहून दे, मी विचारतो." बोलताबोलता त्याच्याच लक्षात आलं, की हे काही खरं नव्हे. पक्षाचा माईक हातात घेऊन पक्षालाच प्रश्न विचारायचा म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची. "नाहीतर मास्तर विचारतील."

"मास्तर सरकारी नोकर. त्यांचं तोंड शिवलेलं." तिने तांदूळ उपसले. "आणि तुम्ही नको."

"का? मी काय वाईट बोलतो?"

ती हसली. मग तिने त्याला एक गोष्ट सांगितली. सांगायला तिला बराच वेळ लागला. मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरने विचारलं, कुठे दुखतं? ती प वर अडली. भोंग्याने झटकन सांगितलं, पोट. डॉक्टरने पोटाच्या गोळ्या दिल्या. तिने त्या पंधरा दिवस गिळल्या. "मला म्हणायचं होतं, प... प... पाठ," ती म्हणाली.

भोंगा तिच्याकडे बघतच राहिला. "मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगितलंत," ती म्हणाली. "डॉक्टर लगेच लिहायलाही लागला."

तिने हे दूषण म्हणून सांगितलं नव्हतं. तिला त्यात खरंच गंमत वाटत होती. पण भोंग्याला हसता येईना. ती पोरीला काखेत घेऊन पाठ भिंतीला टेकवून उभी राहायची, ते दिवस त्याला आठवले. तेव्हा त्याला वाटलं होतं, गोळ्यांनी गुण येतोय.

तो उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बरं. काय विचारणार आहेस ते मला म्हणून दाखव."

*

पुढचे चार दिवस दिवेलागणीला दोघांचं तेच चाललं. दिवसभर तो गावं पालथी घालून यायचा, घशात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचा. ती चौदा जणांचं रांधून, भांडी घासून, ओढ्यातल्या खड्ड्यातून शाळेच्या वाफ्यांना कळशीने पाणी घालून यायची. मग दोघं ओट्यावर बसत.

भोंग्याला शब्दांचा धंदा ठाऊक होता. "हे बघ, अडणारे शब्द गाळून टाकू. बस म्हणू नकोस, गाडी म्हण. पोरं नको, लेकरं म्हण. पाणी नकोच, नुसतं म्हण ओढा चढतो."

"प... पावसाळा?"

"तीन महिने म्हण. सगळ्यांना कळतं कुठले तीन."

ती मान डोलावून म्हणून बघायची. "आमची शाळा उठवणार. लेकरांना न्यायला गाडी येणार. ओढा तीन महिने गळ्याइतका चढतो. गाडी ओढा कशी ओलांडणार?" इथवर ती नदीच्या पाण्यासारखी सुटायची. भोंग्याचे डोळे चमकायचे. "वा! माझ्याहून बरं बोलतेस. आता पुढचं."

"आधी प... प..."

प्रश्नाचा शेवट होता, आधी पूल करा, मग शाळा उठवा. तो पूल तिला काही केल्या ओलांडवेना.

"साकव म्हण," भोंग्याने सुचवलं.

"साकव माणसांना. गाडीला प..., प..., गाडीला साकव चालत नाही."

"मग म्हण, आधी ओढ्यावरून जायची सोय करा."

तिने मान हलवली. "सोय म्हटलं की ते होडी देतील." आणि ते खरं होतं. भोंग्याने बारा वर्षं सोय, सुविधा, योजना असले शब्द भोंग्यातून गावोगाव सोडले होते. त्यांतून काय काय निघू शकतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पूल म्हणजे पूल. त्याला दुसरा शब्द नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "अडले तर अडले."

शनिवारी तो विहिरीवर गेला तेव्हा ती भांड्यांच्या ढिगापुढे उकिडवी बसली होती आणि राखेचा हात पातेल्यावर गोल फिरवत त्या लयीत म्हणत होती. शेवटाला आली की हात थांबायचा. त्याने खाकरून आपण आल्याचं कळवलं नाही. दोर न सोडता तसाच परत फिरला.

*

रविवारी पत्र्याच्या शेडखाली तव्यावर बसल्यासारखं होत होतं. पोत्यांच्या थप्प्या भिंतीला सारून माणसं बसवली होती. पोरं थप्प्यांवर चढली होती. मंचावर मध्ये व्यापारी मंडळाचे म्हातारे शेठजी, एका हाताला प्रवक्ते, एका हाताला वकील. भाऊ पहिल्या रांगेत. भोंगा माईक सांभाळत मंचाच्या पायरीशी उभा. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत, ती मास्तरांच्या बायकोशेजारी बसली होती. लुगडं धुवट, पण चापूनचोपून नेसलेलं.

प्रवक्त्यांनी सरकारच्या पाच वर्षांतल्या कामांची यादी वाचली: किती रस्ते, किती खांब, किती दवाखाने. वकिलांनी दुसरी यादी वाचली: किती रस्ते उखडले, किती खांबांवर दिवा नाही, किती दवाखान्यांत डॉक्टर नाही. एकाला त्याच्या माणसांनी टाळ्या दिल्या, दुसऱ्याला त्याच्या. दोघं एकमेकांना "माझे विद्वान मित्र" म्हणत आणि चिमटे काढत. मजा आली लोकांना. तास-दीड तास गेला, टॉवेल ओले झाले, मग शेठजींनी जाहीर केलं, की आता जनतेचे प्रश्न.

एकाने विजेचं विचारलं, एकाने खताचं. उत्तरादाखल दोघं मंचावर भांडले. मग ती उठली.

भोंगा माईक घेऊन तिच्याकडे चालला. तारेचं वेटोळं मागे सुटत होतं. पंधरा-वीस पावलं असतील. बारा वर्षांत त्याच्या हाताला माईक कधी जड लागला नव्हता. तो तिच्यापाशी उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मंचाकडे पाहिलं.

"आमची शाळा उठवणार," ती म्हणाली. तिचा आवाज भोंग्यांतून निघून पत्र्याला लागला तशी ती दचकली, पण थांबली नाही. "लेकरांना न्यायला गाडी येणार. ओढा तीन महिने गळ्याइतका चढतो. गाडी ओढा कशी ओलांडणार? आधी... आधी प..."

ओठ मिटले.

 मग मागे कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीवर गेलं.

"पगार?" प्रवक्त्यांनी मदतीच्या सुरात विचारलं. "पगार वेळेवर होत नाही का, बाई? नोंद घेतो."

तिने डोळे मिटून मान हलवली. "प..."

"पाणी!" वकील उठून उभे राहिले. "बघा, मंडळी, पाणी! पाच वर्षांत यांना साधं पाणी देता आलं नाही!" टाळ्या पडल्या.

"पेन्शन असेल," कुणी म्हणालं. "पंखा!" थप्पीवरून एक पोरगा ओरडला आणि मोठा हशा पिकला. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. कपाळावरचा घाम पापणीवर आला होता. मास्तरांच्या बायकोने तिचा पदर ओढला, "बस गं, बस."

पहिल्या रांगेतून भाऊ मागे वळले. "भोंग्या, तुला ठाऊक असेल ना? सांगून टाक आणि आटप."

आता सगळी शेड त्याच्याकडे बघत होती. त्याला ठाऊक होतं. चार संध्याकाळी त्याने तो शब्द ऐकला होता, त्याच्या जिभेच्या टोकावर तो तयार होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश, की एका दमात पत्र्यापर्यंत गेला असता. सव्वीस वर्षांची सवय त्याच्या घशात चढून आली. त्याने ओठ घट्ट दाबून धरले. एवढंच केलं, की माईक तिच्या तोंडासमोरून जो ढळला होता तो सरळ केला, आणि दुसरा हात मनगटाखाली धरला.

"भोंग्या!" भाऊ म्हणाले.

भोंगा बायकोकडे बघत उभा राहिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हसणाऱ्यांचं हसून संपलं. मग लोकांना अवघडल्यासारखं झालं. मग तेही संपलं आणि लोक नुसतेच थांबले, शाळेतली मुलं ताट धरून थांबत तसे. भोंग्यांतून तिचा श्वास ऐकू येत होता. नाकातून आत, नाकातून बाहेर. मंचावर वकील कधी खाली बसले ते कुणी पाहिलं नाही.

"पूल," ती म्हणाली.

डोळे उघडून तिने पुन्हा म्हटलं, आता नुसतं हलक्याने, "आधी पूल करा. मग शाळा उठवा."

प्रवक्त्यांनी कागद चाळले. एक चाळला, दुसरा चाळला, शेजारच्याला काही विचारलं. "पुलाचा विषय," ते म्हणाले, "खरं म्हणजे आमच्या दुसऱ्या खात्याकडे येतो."

"आमचं सरकार आलं की पहिला पूल तुमचा!" वकिलांनी बसल्याबसल्याच हात वर केला.

ती खाली बसणार होती, पण वळून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तुमचं होतं तेव्हाही ओढा होता."

यावर जो हशा झाला त्याने पत्रा हादरला. पण तो निराळा हशा होता. भोंग्यालाही तो आवरला नाही. शेठजींनी खिशातून पेन काढलं, "ओढा, पूल, शाळा," असं मोठ्याने म्हणत लिहून घेतलं आणि प्रवक्त्यांच्या हातात तो कागद दिला. "हा यांच्या खात्यात टाका. कुठल्याही टाका, पण टाका."

घरी जाताना दोघं ओढ्यातून चालले होते. तिने चपला काढून हातात घेतल्या होत्या. मध्येच ती म्हणाली, "तुम्ही सांगाल वाटलं होतं मला."

"मलाही वाटलं होतं," भोंगा म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनचाकी दारात आली. गाडीवाल्याने दोन्ही भोंगे सोडून आणले होते, दोर नीट गुंडाळून. "भाऊ म्हणाले, थोडे दिवस घसा शेकून घे म्हणावं." त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं; चहा न घेताच गेला.

पाठोपाठ विरोधकांची माणसं आली. त्यांच्याकडे चारचाकी होती, भोंग्याला दुप्पट काम देऊ म्हणाले, आणि वहिनींना फक्त तीन सभांत मंचावर बसवायचं, बोलायचंही नाही. भोंगा म्हणाला, "तिचं तिला विचारा." ती शाळेत निघाली होती, डोक्यावर भांड्यांचा डोलारा.

"मला कामं आहेत," ती म्हणाली. "सरा जरा, वाट अडवलीत."

मग भोंगा रस्त्याकडेचे चर खणायच्या कामावर जाऊ लागला. कुदळीची सवय सुटलेली. पहिल्या आठवड्यात तळहात फोडांनी भरले. लोक चिडवायचे, भोंगा मुका झाला. मुका काही झाला नव्हता तो. म्हशी चुकायच्या, माणसं मरायची, तेव्हा सायकलीला एकच भोंगा बांधून अजून फिरायचा. पण पक्षाची गाडी समोरून गेली, त्यावर कुणा नवख्याचा चिरका आवाज असला, की तो कुदळ टेकून पाठमोरा उभा राहायचा. संध्याकाळी ती त्याचे हात मांडीवर घेऊन तेल लावायची. अशा वेळी कधी कधी ती आपणहून काहीतरी सांगायला लागे. मास्तरांचं, धाकटीचं, कुठल्या वाफ्यात काय उगवलं त्याचं. कधी अडायची. तो पडल्यापडल्या तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. इतक्या वर्षांत या बाईला एवढं काही सांगायचं होतं, याचं त्याला नवल वाटे.

महिन्याभराने दुसरा हुकूम आला. वाहतुकीची सोय होईपर्यंत, आणि निदान पुढचं एक वर्ष, शाळा आहे तिथेच राहील. चर्चेमुळे झालं, की निवडणूक जवळ आली म्हणून सरकारला ऐकू येऊ लागलं, ते कुणी सांगावं? मास्तरांनी हाही कागद दोनदाच वाचला.

आणि ढग जमायच्या आधी एका सकाळी ओढ्यावर मोजणीची माणसं आली. एक तरुण इंजिनिअर, तिकाटण्यावर ठेवलेली दुर्बीण, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी धरणारा एक गडी. मोजणी झाली म्हणजे पूल झाला असं नव्हे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी अर्धा गाव काठावर जमला. भोंगाही कुदळ टाकून आला.

"पाणी कुठपर्यंत चढतं?" इंजिनिअरने विचारलं.

दहा जण एकदम बोलले. कुणी उंबराची फांदी दाखवली, कुणी नुसताच हात वर केला. इंजिनिअर वैतागून भोंग्याकडे वळला, कारण त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. "तुम्ही सांगा हो. नक्की कुठपर्यंत?"

भोंगा बोलायला गेला आणि थांबला. "तिला विचारा," तो म्हणाला. "पूर आला की मुलं पाण्याकडे धावतात. त्यांना अडवायला ती इथे उभी असते."

ती शाळेच्या मागच्या बाजूने ओले हात पुसत खाली उतरली. दगडांवरून नेमकी पावलं टाकत ती ओढ्याच्या मध्यापर्यंत गेली, एका काळ्या खडकाशी उभी राहिली आणि त्यावर तिने कमरेच्या वर, छातीच्या वर, शेवटी हनुवटीशी तळहात टेकवला.

"नेहमीचं इथवर," ती म्हणाली. "आणि ज्या वर्षी प..."

इंजिनिअर वहीवर पेन्सिल टेकवून उभा होता. पट्ट्यांची काठी खडकाला लावून गडी उभा होता. काठावरचे लोक उभे होते. भोंगा त्यांच्यात, हात मागे बांधून, ती काय सांगते ते ऐकायला जरासा पुढे वाकला.

कुणालाच घाई नव्हती.